शाळेचं गोत्र

आयुष्यात मी तीनच माणसांवर जळलो. पहिला माझा चुलतभाऊ, कारण घराण्यातली सगळी उंची तो एकटा घेऊन गेला. दुसरे आमच्या आळीतले एक गृहस्थ, कारण त्यांच्या बायकोच्या हातची सुक्या कोळंबीची, सोड्याची खिचडी. या दोघांवर मी हौसेनं जळलो, थंडीत माणूस शेकोटीजवळ बसतो तसा. तिसरे वझे मास्तर. त्यांच्यावर मात्र मी सात वर्षं पूर्णवेळ जळलो, रविवार आणि मे महिन्याची सुट्टी धरून. सरकारनं त्या कामाचा पगार दिला असता तर मी आज ठाण्यात दोन चाळींचा मालक असतो.

कोपरीला मिठागरांच्या कडेला आमची चार खोल्यांची कौलारू शाळा होती. बोर्डाची, म्हणजे सरकारी पैशावर चालणारी. खाऱ्या वाऱ्यानं तिथं सगळ्याला गंज चढायचा. कड्या, बिजागऱ्या, घंटा, आणि मला वाटतं एकदोन मास्तरांनाही. जुने हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांची खुर्ची माझी होती. असं कुणी लिहून दिलं नव्हतं, पण गावाला माहीत होतं, पोरांना माहीत होतं, खुद्द खुर्चीला माहीत होतं. ती रिकामी असताना मी तिच्यात दोनदा बसूनही पाहिलं होतं. शिंप्यानं माप घेऊन शिवावी तशी पाठीला बसत होती.

आणि मग कल्याणहून वझे मास्तर आले.

एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात देव. पितळी डब्यात पाच देव होते, आणि तो डबा त्यांनी टांगेवाल्यालाही धरू दिला नव्हता. अंगानं असे किडकिडीत की खाडीवरचा वारा त्यांना चुकवून जात असे. शेंडी मात्र इतकी ताठ, की पावसात त्यांच्या शेजारी उभं राहायला माझा जीव धजत नसे. पहाटे चारला विहिरीवर स्नान, मग ओलेत्यानं पूजा, आणि पूजेचे मंत्र असे खणखणीत की पहिल्या महिन्यातच कोपरीतल्या कोंबड्यांनी आरवणं सोडून दिलं. शाळेत ते पाण्याचा थेंब घेत नसत. तांब्या घरून आणत, तोही झाकलेला. मी एकदा चहा विचारला, तर त्यांच्या कपाळावरचं गंध सुरकुतलं.

मी मनात म्हटलं, चला, खुर्ची गेली ती गेली, पण इतका सोवळा माणूस आलाय म्हणजे शाळेतल्या देवधर्माला बरकत येणार. आणि आमच्या शाळेतला देवधर्म म्हणजे मी. मोठ्या वर्गात समोरच्या भिंतीवर हातभर उंचीची सरस्वतीची तसबीर होती, सोनेरी चौकटीची, ती मी आणलेली. मुंबईहून डोक्यावरून आणली असं मी गावात सांगितलं होतं. प्रत्यक्षात मांडीवर ठेवून आणली होती, पण मांडीवरच्या देवाला कोण मान देतो. तिच्यापुढे रोज सकाळी आरती व्हायची आणि आवाज माझा. माझी आरती खाडीपलीकडे कळव्याला ऐकू जायची. तिथल्या बायका म्हणे त्या वेळेवर डाळ चुलीवर चढवायच्या.

वझे मास्तरांनी आठ दिवस काही केलं नाही. नुसते मागे हात बांधून उभे राहायचे आणि बघायचे. मला वाटलं, आवाज ऐकून थक्क झालेत. नवव्या दिवशी आरती झाल्यावर मला म्हणाले, "कर्णिक, ती मुलगी पडवीत का उभी असते हो?"

"कुठली?"

"ती काय. खांबापाशी. पाटी डोक्यावर धरून. ऊन लागतंय तिला."

ती एस्तेर. आमच्याकडच्या शनवार तेल्यांची. हे लोक ठाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, बोलणं मराठी, नेसणं मराठी, धर्म तेवढा यहुदी. त्यांच्यात मूर्तीला किंवा चित्राला हात जोडत नाहीत. "तिला हात जोडायचे नसतात," मी म्हटलं. "म्हणून आरतीपुरती ती आपणहून बाहेर जाते. गुणी आहे पोर. काही त्रास नाही तिचा."

"किती वर्षं जाते?"

"आता चौथीत आहे. म्हणजे चार."

वझे मास्तरांनी पडवीकडे पाहिलं, मग तसबिरीकडे, मग माझ्याकडे. "शाळा आत आहे ना, कर्णिक?" एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी मी आलो तर शाळेत धुपाचा वास. वझे मास्तर स्टुलावर उभे, अंगावर धूतवस्त्र, हातात अक्षता. सरस्वतीची उत्तरपूजा चालली होती. मी म्हटलं, "अहो मास्तर, तसबिरीला कसली उत्तरपूजा? तिची काय प्राणप्रतिष्ठा झाली होती?"

"तुम्ही इतकी वर्षं पाहुणी म्हणून ठेवून घेतलीत. आता निरोप द्यायचा तर रीतीनं द्यायला नको?" त्यांनी "पुनरागमनाय च" म्हटलं, अक्षता वाहिल्या, तसबीर उतरवली, स्वतःच्या उपरण्यात गुंडाळली आणि छातीशी धरून घरी नेली. कुणा नास्तिकानं ती काढली असती तर मी गाव गोळा केलं असतं. पण ज्या माणसानं ती काढली त्याच्यापुढे आमचे ठाण्याचे भटजीसुद्धा अर्धवट भिजलेले दिसत. तक्रार करायची तरी कशाची? मागे भिंतीवर राहिला एक चौकोन, बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा, आणि वर एक खिळा.

"आता तिथं काय लावायचं?" मी विचारलं.

"काही नाही."

"आणि सकाळी?"

सकाळी त्यांनी नवीनच प्रकार काढला. घंटा झाली की सगळ्यांनी डोळे मिटायचे, पन्नास आकडे मोजेपर्यंत. "आत ज्याचा त्याचा जो कोण असेल त्याच्याशी बोला," ते पोरांना सांगत. "कोण आहे ते मला सांगायचं नाही. मी विचारणार नाही." मग डोळे उघडले की लगेच पाढे. त्या पन्नास आकड्यांत शाळेत एवढी शांतता पसरायची की मिठागरात मीठ जमल्याचा आवाज ऐकू यायचा. मी ऐकलाय. आणि एस्तेर पहिल्या रांगेत उभी असायची, डोळे सगळ्यांत घट्ट मिटून.

माझं काय झालं म्हणता? ज्या आवाजावर कळव्याची डाळ शिजायची, तो आवाज घशात घेऊन मी सतराचा पाढा म्हणत होतो.

पोरं त्यांच्या मागे मागे फिरू लागली. हा माझ्या जखमेवरचा मिठाचा खडा, आणि कोपरीला मिठाची काय कमी. मी गोष्टी सांगायचो, नकला करायचो, वाघ काढून दाखवायचो. पोरं हसायची आणि घरी जायची. वझे मास्तर काही करत नसत. नुसतं ऐकून घेत. एस्तेर शनिवारी शाळेत यायची पण लिहायची नाही, त्या दिवशी त्यांच्यात काम करत नाहीत. मी पूर्वी तिला शनिवारी गैरहजर मांडायचो. वझे मास्तर म्हणाले, "शनिवारी तिचे हात सुट्टीवर. कान नाहीत. बसू दे." दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून शाळेत पाटीपूजन व्हायचं. त्यांनी सांगितलं, पाट्या घरी न्या, ज्याच्या घरी जे करतात ते करा. दसरा झाल्यावर पाट्या परत आल्या त्या मी स्वतः पाहिल्या. कुणाच्या पाटीवर हळदकुंकू, कुणाच्या पाटीला फुलाचा डाग, पास्कलच्या पाटीवर कोपऱ्यात छोटा क्रूस, एस्तेरची पाटी आरशासारखी स्वच्छ धुतलेली, आणि पाटलाच्या नातीच्या पाटीला चक्क बोंबलाचा वास. वझे मास्तरांनी प्रत्येक पाटी हातात घेतली, अगदी ती वासाचीसुद्धा. संध्याकाळी त्यांनी दुप्पट स्नान केलं असणार, पण पाटी घेतली. मी माझ्या बायकोला म्हटलं, "हा माणूस ढोंगी आहे." ती म्हणाली, "तुम्हाला बोंबलाच्या वासाचं काय वाईट वाटतं? तुम्ही तर खाता."

जळणाऱ्याला लाकूड कुठूनही मिळतं. मला पाटील मिळाला.

बाळाराम पाटील म्हणजे त्या भागातला मोठा खातेदार. बापजाद्यांनी मिठागरात पाय सोलून घेतलेले, आता त्याच मिठागरांच्या बांधावर याच्या नावाची जमीन. शाळेची जागाही त्याच्या बापानं दिलेली. मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि म्हटलं, "पाटील, वडिलांनी शाळेला जागा दिली, आणि आज त्या जागेत देव नाही. लोक काय म्हणतील?"

"देव नाय?" पाटील म्हणाला. "काय सांगतंस कर्णिक."

"भिंतीवर नुसता खिळा आहे."

"मंग आपुन सत्यनारायेन घालू. शालंचा. सगला गाव बोलवू. मास्तर काय नाय बोलतील?"

"बोलू देत की," मी म्हटलं, आणि घरी येताना मी कोपरीच्या रस्त्यावर चक्क शीळ घातली. त्या शिळेनं एक बैल उधळला असं नंतर कळलं.

सत्यनारायणाच्या सकाळी सगळा गाव शाळेत. चौरंग, केळीचे खांब, ठाण्याहून आणलेले भटजी, प्रसादाचं भलं मोठं पातेलं. मी असा सापळा लावला होता की मास्तरांना सुटायला वाट नाही. नाही म्हटलं तर गाव बिथरणार, हो म्हटलं तर उद्यापासून माझी आरती पुन्हा सुरू आणि त्यांचे पन्नास आकडे बंद. वझे मास्तर वेळेवर आले, सोवळ्यात. चौरंगाजवळ बसले, आणि भटजींनी पळीत पाणी घेऊन संकल्प सुरू केल्याबरोबर म्हणाले, "थांबा. पूजा कोणाची?"

"शाळेची," पाटील म्हणाला.

"यजमान कोण?"

"शाला."

"बरं. गोत्र?"

भटजींनी पळी खाली ठेवली. संकल्पात यजमानाचं गोत्र उच्चारावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक. पाटील माझ्याकडे पाहू लागला. मी प्रसादाकडे.

"तुमचंच घाला मास्तर," पाटील म्हणाला. "तुमी हेडमास्तर हाव."

"माझं घातलं तर पूजा माझी. पुण्य माझ्या घरी जाईल. शाळेला काय मिळालं?"

भटजी हुशार होते. ते म्हणाले, "शास्त्रात सोय आहे. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप."

मला वाटलं, झालं, सापडले. पण वझे मास्तर हसले. त्यांचं हसणं मी सात वर्षांत चार वेळा पाहिलं, त्यातलं हे पहिलं. "काश्यप म्हणायचं ते ज्याच्या वाडवडिलांचा पत्ता नाही त्याला," ते म्हणाले. "आपल्या शाळेच्या आईबापांची नावं माझ्याकडे लिहून आहेत." आणि त्यांनी बगलेतला हजेरीपट काढला आणि वाचायला सुरुवात केली. मुलाचं नाव, बापाचं नाव. म्हात्रे. भोईर. पाटील. कोळी. कांबळे. सिल्वा. पुन्हा म्हात्रे. पेणकर, म्हणजे एस्तेरचा बाप, तेली. दीडशे नावं त्यांनी वाचली, एकही न गाळता. गावातला प्रत्येक माणूस आपलं नाव येईपर्यंत थांबला आणि नाव आल्यावर जरा सरळ बसला. मागे दाराशी एस्तेरचा बाप उभा होता, तेलाचा डबा घेऊन, दिव्याला तेल लागेल म्हणून आणलेला. त्याचं नाव आल्यावर त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला.

"पाटील," मास्तर म्हणाले, "यातल्या कुणाचं गोत्र लावू? एकाचं लावलं तर बाकीचे पडवीत उभे राहणार."

पाटलानं पागोटं सारखं केलं. मग म्हणाला, "मंग पूजा माज्या घरी घालू. चला रं, उचला चौरंग."

आणि चौरंग उचलला. केळीचे खांब, भटजी, पातेलं, सगळा गाव वाजतगाजत पाटलाच्या घरी. तिथं वझे मास्तरांनी स्वतः भटजींच्या शेजारी बसून पूजा सांगितली, इतकी सुंदर की पाटलाची आई रडली. दुसऱ्या दिवसापासून पाटील रोज शाळेसमोरून जाताना हाक मारायचा, "मास्तर, बरा हाय ना?" आणि दिवाळीला त्यानं त्यांना मिठाची एक गोण पाठवली, पांढरंशुभ्र, पहिल्या काढणीचं. एकटा माणूस, अळणी जेवणारा. ते मीठ त्यांनी शाळेतल्या पोरांना वाटलं. मला अर्धा शेर मिळालं. आमची ही ते सहा महिने वापरत होती आणि मला प्रत्येक जेवणात ते जास्त झालेलं लागत होतं.

त्यानंतर मी ते केलं, जे आजवर कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो, कारण ऐकायला वझे मास्तरही आता राहिलेले नाहीत.

मी निनावी अर्ज लिहिला. दिपोटींना, म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना, ज्यांच्या नुसत्या टोपीच्या बातमीनं मास्तरांना हगवण लागायची. लिहिलं की हेडमास्तर नास्तिक आहे, धर्मबुडवा आहे, सरस्वतीची तसबीर त्यानं काढून टाकली, गावचा सत्यनारायण मोडला. त्याची बदली करावी, मोखाडा किंवा त्याच्याही पलीकडे काही असेल तिथं. माझं अक्षर भागात प्रसिद्ध. शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार मी लिहायचो आणि तो पुसायला पोरांचे हात उठत नसत. म्हणून अर्ज डाव्या हातानं लिहिला. पण काय सांगू, माणसाची हौस. डाव्या हातानं लिहितानासुद्धा शेवटी मी वेलबुट्टी काढली. ती काढल्याशिवाय मला कागद संपल्यासारखा वाटत नाही.

दिपोटी आले ते भल्या सकाळी, न कळवता, थेट मास्तरांच्या खोलीवर. नास्तिकाला घरी गाठावा म्हणून. खोलीच्या दारात त्यांना ओरडून सांगण्यात आलं, "बाहेरच थांबा, सोवळ्यात आहे, शिवू नका." साहेब, टोपी, पट्टेवाला, सगळे अंगणात दीड तास उभे. आत रुद्र चालू. मग पाच देवांची पूजा, आणि सहावी, बाजूला वेगळ्या पाटावर ठेवलेली, आमच्या शाळेची सरस्वती. तिला जास्वंदीचं फूल. दिपोटींनी हे सगळं दारातून पाहिलं. पट्टेवाल्यानं नंतर मला सांगितलं की साहेब मध्येच टोपी काढून उभे राहिले.

दुपारी साहेब शाळेत आले. आम्हा चौघा मास्तरांना समोर उभं केलं आणि अर्ज टेबलावर ठेवला. "सरकारी पैशाच्या शाळेत धर्म शिकवायचा नाही, हे आता घटनेतच लिहिलंय," ते म्हणाले. "वझ्यांनी केलं ते बरोबर केलं. पण ज्यानं हे लिहिलं तो याच खोलीत आहे, आणि मी त्याला मोखाड्याला पाठवणार आहे. वझे, अक्षर ओळखा."

वझे मास्तरांनी कागद उचलला. माझ्या पाठीमागे फळ्यावर त्या दिवसाचा सुविचार होता, माझ्या हातचा, खाली वेलबुट्टी. त्यांनी कागद पाहिला. फळा पाहिला. पुन्हा कागद पाहिला. हा माणूस खोटं बोलत नसे. गमतीनंही नाही. माझ्या पायांनी मोखाड्याची वाट धरली होती, बाकीचा मी तेवढा उभा होतो.

"हे डाव्या हाताचं आहे," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या शाळेत डावरं कोणी नाही."

साहेबांनी आम्हा चौघांकडे पाहिलं. खरंच, कोणी नव्हतं. अर्ज फाडला गेला. मास्तर मला जाताजाता म्हणाले, "कर्णिक, तुमचा उजवा हात फार सुरेख आहे. त्यालाच काम देत जा." यापलीकडे त्यांनी तो विषय आयुष्यात काढला नाही. ओरडले असते तर मी त्यांना माफ केलं असतं.

पुढे ते निवृत्त झाले आणि कल्याणला परत गेले. जाताना त्यांनी वर लिहून पाठवलं की खुर्चीला कर्णिक योग्य आहेत. म्हणजे ज्या खुर्चीसाठी मी सात वर्षं जळलो ती मिळाली तीही त्यांच्या शिफारशीनं. मी तिच्यात बसलो. सात वर्षांत ती त्यांच्या मापाची झाली होती. मला दोन्हीकडून टोचत होती.

मी ठरवलं, पहिलं काम भिंतीचं. नवी तसबीर आणली, पहिलीपेक्षा मोठी, लक्ष्मी आणि सरस्वती दोन्ही एकात. सोमवारी सकाळी पोरं रांगेत उभी असताना स्टूल घेतलं, वर चढलो. खिळा खाऱ्या वाऱ्यानं लाल झाला होता पण पक्का होता. तसबीर वर उचलली आणि पोरांनी बघावं म्हणून मागे वळलो. तर पहिल्या रांगेतून एस्तेरची धाकटी बहीण निघाली. ती शाळेत आली तेव्हा भिंत कधीच रिकामी झालेली होती, तिला कुणी कधी बाहेर जा म्हटलं नव्हतं. तरी तिनं पाटी घेतली, पडवीत गेली, आणि नेमकी त्याच खांबापाशी जाऊन उभी राहिली. पाटी डोक्यावर. तिला कुणी सांगितलं असेल? मला माहीत नाही. घरात मोठ्या बहिणीनं कधीतरी दाखवलं असेल, आरती असली की इथं उभं राहायचं.

तेवढ्यात रस्त्यावरून बाळाराम पाटील चालला होता. तो दारात थांबला. स्टूल पाहिलं, मी पाहिला, तसबीर पाहिली.

"काय रं कर्णिक," तो म्हणाला. "गावला काय शालंचा गोत्र?"

दीडशे पोरं खदाखदा हसली. मी उतरलो. पोरीला आत बोलावलं. पन्नास आकडे मोजले, जरा भराभर.

पण राग कुठेतरी काढायचा होता. त्या रविवारी मी कल्याणला गेलो, माझी तसबीर मागायला. माझी वस्तू, मी आणलेली. ती त्यांच्या घरात कशाला? काळ्या तलावाजवळच्या एका चाळीत तळमजल्यावर ते राहत. आणखी किडकिडीत झाले होते, आता वाऱ्याला त्यांना चुकवावंही लागत नव्हतं. नजर बरीच गेलेली. पण देवघर लखलखीत. पाच देव एका जागी, आणि बाजूला वेगळ्या पाटावर सरस्वती. ताजं फूल. माझ्या घरच्या देवांना एवढं फूल दसऱ्यालाही मिळालं नव्हतं.

"हिला बाकीच्यांत का नाही बसवली?" मी विचारलं.

"ती आमची नाही ना. तुमची आहे. कधीतरी न्यायला याल म्हणून वेगळी ठेवली."

मी भांडायची सगळी तयारी करून गेलो होतो. वाटेत उत्तरंसुद्धा पाठ केली होती.

"शाळेत लावणार?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "घरी."

त्यांनी ताम्हन पुढे ओढलं. मग हातानं चाचपत उत्तरपूजा केली, तशीच, पुनरागमनाय च. उपरण्यात गुंडाळली. माझ्या उजव्या हातात छत्री होती, म्हणून मी डावा पुढे केला.

"उजव्या हातानं घ्या, कर्णिक," ते म्हणाले.

मी छत्री खाली ठेवली आणि उजव्या हातानं घेतली. चाळीच्या तोंडाशी जाऊन मागे पाहिलं. दार उघडं होतं. मास्तर देवघरापुढे उकिडवे बसून त्या रिकाम्या पाटावर ओलं फडकं फिरवत होते. पाट पुसून झाला तरी त्यांनी तो उचलला नाही. बाकीचे देव सरकवून जागा भरली नाही. हात फिरवून पाट जागेवर आहे एवढं बघितलं आणि बसून राहिले. तेच शेवटचं दर्शन.

तसबीर आता आमच्याकडे ठाण्याला बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे. मी रोज फूल घालतो, आठवलं तर. शाळेच्या भिंतीवर तो खिळा मी निवृत्त होईपर्यंत रिकामा होता, आणि मी माझ्या टोपीलाही त्याला हात लावू दिला नाही. पण एक गोष्ट सांगतो, विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. रोज सकाळी मी ती तसबीर सरळ करतो, ओळंब्यानं मोजून. संध्याकाळी बघावं तर ती कल्याणच्या बाजूला कललेली असते.

आमची ही म्हणते, खिळा सैल आहे.